घाटातल्या दगडी स्टेशनवर पावसाळे चढवताना: रेझिनच्या ओतीव भागांचं रंगकाम

बोरघाटातल्या एखाद्या जुन्या दगडी इमारतीसमोर जुलैत छत्री घेऊन पंधरा मिनिटं उभं राहिलं की रंगकामाचा निम्मा धडा तिथेच मिळतो. कौलांवरून पाणी कुठे उतरतं, पन्हळ कुठे फुटली आहे, पागोळ्यांचे शिंतोडे जोत्यावर किती उंच उडतात, कुठल्या भिंतीवर शेवाळ चढलंय आणि कुठली जवळजवळ कोरडी आहे, हे एकदा डोळ्यांत बसलं की छोट्या रेल्वेच्या देखाव्यासाठी टेबलावर बनवलेल्या वीतभर इमारतीवर ब्रश नेमका कुठे टेकवायचा, हा प्रश्न उरत नाही. छोट्या इमारतींची बरीच रंगकामं मी पाहिली आहेत. ती फसतात ती रंगामुळे नाही. सगळ्या इमारतीला सारखाच तपकिरी मळ फासलेला असतो, म्हणून फसतात. खऱ्या भिंतीवरच्या प्रत्येक डागाला कारण असतं, आणि आपल्याकडे दहापैकी आठ वेळा ते कारण पाणी असतं.

या लेखात मी एकच इमारत घेतली आहे. घाटातल्या छोट्या स्टेशनची काळ्या दगडाची खोली, समोर लाकडी खांबांचा ओटा, वर मंगळुरी कौलं. प्रमाण १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्याऐंशीव्या हिश्श्याएवढं; छोट्या रेल्वेवाले त्याला एचओ म्हणतात. कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलेल्यांना हा आकार ओळखीचा असेल. या प्रमाणात उभा माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो. चार भिंती, छपराचे दोन उतार, दारं, खिडक्या, खांब आणि वळचणीची नक्षीदार पट्टी हे सगळे भाग पॉलियुरेथेन रेझिनचे, म्हणजे पातळ असताना सिलिकॉनच्या साच्यात ओतून घट्ट झालेल्या प्लास्टिकचे. कामाला तीन शनिवार-रविवार धरा. त्यातला निम्मा वेळ नुसता वाळण्यात जातो आणि तो वाचवता येत नाही.

आधी साल आणि महिना ठरवा

ब्रशला हात लावण्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहा: कुठल्या सालची इमारत आणि कुठल्या महिन्यातली.

साल का, ते सांगतो. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ साली, बोरघाटाची चढण रेल्वेने सर केली १८६३ मध्ये. मंगळुरी कौलांचे कारखाने बासेल मिशनने मंगळूरला सुरू केले तेही १८६०च्याच दशकात. म्हणजे घाट सुरू झाला त्या वर्षीचं स्टेशन दाखवायचं असेल तर त्यावर मंगळुरी कौलं बसवू नका. पुढच्या काळातलं असेल तर बिनदिक्कत बसवा. मुंबईहून पुण्यापर्यंत विजेच्या गाड्या आल्या १९३०च्या सुमारास. त्याआधीच्या इमारतीला फलाटाच्या बाजूने वळचणीखाली इंजिनाच्या धुराची काजळी हवीच. नंतरच्या इमारतीवर ती फिकी होत जाते. ब्रेकची धूळ मात्र दोन्ही काळांत आहे. घाट उतरताना बिडाचे ब्रेक चाकांवर घासत आणि त्या लोखंडाची बारीक तांबूस-तपकिरी भुकटी रुळांवर, फलाटाच्या कडेवर, भिंतीच्या खालच्या भागावर बसे.

महिना का, तर आपल्या शेवाळाचा रंग महिन्यावर ठरतो. जून ते सप्टेंबर ते हिरवंगार असतं. पाऊस सरला, ऊन पडायला लागलं की तेच वाळून काळं होतं. मे महिन्यात दगडी भिंतीवर दिसणारे काळे ओघळ बहुतेकदा मळाचे नसतात, मागच्या पावसाळ्यातल्या वाळलेल्या शेवाळाचे असतात. मी शक्यतो ऑक्टोबर निवडतो. उन्हाच्या भिंतीवर काळे ओघळ आणि सावलीच्या कोपऱ्यात अजून ओला हिरवा, असं दोन्ही एकाच इमारतीवर दाखवता येतं.

ओतीव भाग हातात आल्यावर

प्रत्येक भाग खिडकीशी नेऊन उजेडात तिरका धरून बघा. तीन गोष्टी शोधायच्या. साच्याच्या फटीतून बाहेर आलेला पातळ पापुद्रा, हवेच्या बुडबुड्यांनी पडलेली भोकं आणि वाक.

वाकलेली भिंत सरळ करणं सोपं आहे. पसरट भांड्यात पाणी ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा. उकळी नको, उकळत्या पाण्यात पातळ खांब दोरीसारखे लोंबतात. भिंत दोन मिनिटं पाण्यात ठेवा. मऊ झाली की काचेच्या तुकड्यावर पालथी घालून वर दुसरी काच आणि वजन ठेवा, आणि पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका. हाच गुण उलटाही बाधतो, तो लक्षात ठेवा. एप्रिलमध्ये मी तयार भिंती गच्चीच्या दाराशी उन्हात वाळत ठेवल्या होत्या. संध्याकाळी लांबची भिंत धनुष्यासारखी झालेली होती आणि रंगासकट तिला पुन्हा गरम पाणी दाखवावं लागलं.

पापुद्रा धारदार ब्लेडने खरवडून काढा. भिंतीची मागची बाजू सपाट करायला काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर चिकटवा, पाणी शिंपडा आणि भिंत आठच्या आकड्यासारखी फिरवत घासा. पुढे ४०० नंबर पुरे. घासकाम नेहमी ओलं करा आणि एन-९५ मास्क लावा. रेझिनची कोरडी भुकटी फुप्फुसात जाऊ देऊ नये. घासलेलं पाणी बादलीत साठवून भुकटी खाली बसली की वरचं पाणी ओतून द्या आणि गाळ कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका.

बुडबुड्यांची भोकं भरायला फेव्हिक्विक आणि बेबी पावडर यांची खळ उत्तम. टूथपिकच्या टोकाने भोकात भरायची आणि अर्ध्या तासाच्या आत घासायची. रात्रभर राहिली तर ती रेझिनपेक्षा कठीण होते, मग घासताना भोवतीचा दगड झिजतो आणि भरलेला भाग टेंगळासारखा वर राहतो. भरल्यावर ब्लेडच्या टोकाने तिथली दरज, म्हणजे दोन दगडांमधली फट, पुन्हा कोरून घ्या. भोक दगडाच्या मधोमध आणि अगदी लहान असेल तर मी ते तसंच ठेवतो. आपल्या काळ्या दगडात वायूच्या बुडबुड्यांची भोकं मुळातच असतात.

साबणाचं पाणी

साचा सहज सुटावा म्हणून ओतणारे साच्याला सिलिकॉनचा किंवा मेणाचा फवारा मारतात. तो थर ओतीव भागावर राहतो, डोळ्यांना दिसत नाही आणि त्यावर कुठलाच रंग धरत नाही. कोमट पाण्यात भांड्यांचा लिक्विड साबण घालून भाग पंधरा मिनिटं भिजवा, मऊ टूथब्रशने दरजा-दरजांतून घासा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. यापुढे भाग कडेने धरायचे, दर्शनी बाजूवर बोट नको.

ही पायरी मी एकदा गाळली होती. रंग सुरेख बसला, तीन दिवसांनी चिकटपट्टी काढताना बोटभर लांबीची सगळी कातडी पट्टीबरोबर निघून आली. म्हणून धुणं दोनदा झालं तरी चालेल, पण एकदाही न होणं परवडत नाही.

काय आधी जोडायचं, काय नंतर

याबद्दल मतभेद आहेत. माझा अनुभव सांगतो. दगडी भिंती रंगाआधी जोडाव्यात. दगडी इमारतीचा कोपरा ही पहिली नजर जाणारी जागा, तिथे रंगानंतर जोड दिसला तर तो लपवता येत नाही. कोपऱ्यात दोन्ही भिंतींच्या दगडांचे थर एका रेषेत आहेत ना, हे चिकटवण्याआधी कोरडं जुळवून बघा. जोडाला अ‍ॅराल्डाइट वापरा. ते सावकाश धरतं, त्यामुळे काटकोन साधायला वेळ मिळतो. प्लास्टिकच्या मॉडेलचा पातळ सिमेंट गोंद पॉलिस्टायरीन विरघळवून चिकटवतो. रेझिनवर त्याचा काही उपयोग नाही. जोडाची फट भरून त्यात दगडांच्या दरजा कोरल्या की कोपरा एकसंध दिसतो.

दारं, खिडक्या, खांब, नक्षीची पट्टी आणि छप्पर मात्र सुटं रंगवायचं. जिथे गोंद लागणार तिथे मास्किंग टेपची पट्टी लावून ठेवा. रंगावर लावलेला गोंद फक्त रंगालाच धरतो.

आत दिवा लावणार असाल तर भिंतींना आतून आधी काळा आणि त्यावर पांढरा हात द्या. रेझिन थोडा उजेड आरपार सोडतं. काळा थर नसेल तर रात्री अख्खी दगडी भिंत कंदिलासारखी उजळते.

प्रायमर आणि आपली हवा

धुतलेल्या रेझिनवर थेट अ‍ॅक्रिलिक लावू नका, नखाने निघतं. आधी प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारं अस्तर हवं. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारा राखाडी प्रायमरचा स्प्रे चांगला. डबा दोन मिनिटं हलवा. अंतर वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर. फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. पहिला हात इतका पातळ की खालचं रेझिन दिसत राहावं. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, आडव्या दिशेने. मग एक पूर्ण दिवस वाळू द्या. काम उघड्यावर आणि मास्क लावूनच.

पावसाळ्यात थांबा. दमट हवेत स्प्रेमधलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि रंगावर पांढुरकी साय धरते. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी प्रायमरचं काम ऑक्टोबर ते मे यातच उरकावं आणि पावसाळा ब्रशच्या कामाला ठेवावा. दुपारी बारा ते तीन ही वेळ त्यातल्या त्यात कोरडी.

वाळल्यावर आतल्या बाजूच्या एका कोपऱ्यावर मास्किंग टेप दाबून लावा आणि झटक्याने ओढा. टेप कोरी आली तर पुढे जा. रंग आला तर सगळं उतरवून पुन्हा साबणाच्या पाण्यापासून सुरुवात करा. त्याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

काळा दगड रंगवणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

नावात काळा असला तरी उन्हात हा दगड निळसर राखाडी दिसतो, त्यातल्या लोखंडामुळे कडांना तांबूस-तपकिरी गंज चढतो आणि पावसात भिजला की मगच खरा काळा होतो. शिवाय प्रमाणाचाही हिशोब आहे. टेबलावरची इमारत आपण साधारण ५० सेंटिमीटरवरून बघतो. ८७ ने गुणा, म्हणजे खरी इमारत ४३ मीटरांवरून बघितल्यासारखं झालं. एवढ्या अंतरावरून प्रत्येक रंग फिकट वाटतो. म्हणून ट्यूबमधला शुद्ध काळा या कामात कुठेच वापरू नका. माझं मूळ मिश्रण असं: पेन्स ग्रे (निळसर गडद राखाडी) तीन भाग, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) एक भाग, पांढरा दोन भाग. कागदावर लावून वाळू द्या आणि मग ठरवा, कारण अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर एक छटा गडद होतं.

रंग लावण्याचा क्रम उलटा ठेवा, म्हणजे आधी दरजा, मग दगड. जुनं बांधकाम चुन्यातलं. त्याच्या दरजांचा रंग मळकट पिवळसर पांढरा. पांढऱ्यात थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि थेंबभर राखाडी घालून सगळी भिंत या रंगाने भरून घ्या. खरी दरज एक सेंटिमीटरची धरली तरी या प्रमाणात ती ०.१ मिलिमीटरच्या आसपास येते. ती ब्रशने रेखणं कोणालाच जमणार नाही, म्हणून ती खालीच असलेली बरी.

आता दगड. मेकअपच्या स्पंजाचा छोटा तुकडा चिमट्यात धरा, मूळ मिश्रणात बुडवा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि भिंतीवर उभा ठोकत जा. घासायचं नाही. दगडांच्या वर आलेल्या तोंडांना रंग लागतो, खोलगट दरजा तशाच राहतात. दोन-तीन फेऱ्यांत अंगात रंग भरतो.

त्यानंतर शून्य नंबरचा ब्रश घ्या आणि सुटे दगड वेगळे करा. दर दहा दगडांतले सहा मूळ रंगाचे राहू द्या, दोन थोडे निळसर फिकट, एक तपकिरी झाक असलेला, एक गडद. आकडे मोजत बसू नका, पण बुद्धिबळाचा पट होऊ देऊ नका. खाणीतून एका गाडीत आलेले दगड भिंतीतही जवळजवळ बसतात, म्हणून एका रंगाचे दोन-तीन दगड शेजारी आले तर ते जास्त खरं वाटतं. कमानीचे आणि कोपऱ्याचे घडीव दगड बाकीच्यांपेक्षा अर्धी छटा फिकट ठेवा. त्यांचं तोंड छिन्नीने साफ केलेलं असतं, त्यावर ऊन जास्त खेळतं.

दिवस संपताना भिंत जरा भडक आणि ठिगळांची दिसेल. घाबरू नका, पुढच्या थराने ते सगळं एकत्र बांधलं जातं.

पातळ रंगाचा हात

पूर्ण वाळलेल्या भिंतीवर सॅटिन, म्हणजे अर्धवट चकाकीच्या, वॉर्निशचा पातळ थर द्या आणि एक दिवस थांबा. वॉर्निशमुळे पातळ रंग गुळगुळीत वाहतो आणि चूक झाली तर पुसता येतो. मग तैलरंगातला बर्न्ट अंबर आणि थोडा पेन्स ग्रे टर्पेंटाइनमध्ये इतका पातळ करा की तो चहाच्या पाण्यासारखा दिसावा. एका भागाला दहा भाग टर्पेंटाइन. भिंत आडवी ठेवून एकेका भागावर लावा. अर्ध्या तासाने टर्पेंटाइनमध्ये किंचित ओल्या केलेल्या कॉटन बडने दगडांची तोंडं पुसा, आणि पुसताना हात नेहमी वरून खाली न्या, पाणी जातं तसा. दरजांच्या कडांना आणि खिडकीच्या उंबऱ्याखाली रंग राहील, तो राहू द्या. दोन दिवस वाळवा.

इथे एक सावधगिरी. अ‍ॅक्रिलिक रंगावर अल्कोहोलमध्ये शाई घालून केलेला हात मारू नका. अल्कोहोल अ‍ॅक्रिलिकला मऊ करतं आणि ब्रशबरोबर खालचे दगड उचलले जातात. शाईचाच हात द्यायचा असेल तर ती पाण्यात पातळ करा आणि पाणी पसरावं म्हणून साबणाचा एक थेंब घाला.

कौलं

मंगळुरी कौल साधारण ४१० बाय २३५ मिलिमीटरचं असतं. या प्रमाणात ते ४.७ बाय २.७ मिलिमीटर होतं, म्हणजे एकेक कौल वेगळं रंगवता येण्याइतकं मोठं. संधी सोडू नका.

सगळ्या उताराला विटकरी रंग द्या, पण भडक केशरी नको. बर्न्ट सिएन्नात (तांबूस तपकिरी) थोडा पांढरा आणि थोडा यलो ऑकर. मग गडद तपकिरीने पाचातलं एक कौल, फिकट केशरीने दहातलं एक. घाटात दर वर्षी पावसाआधी शाकारणी होते. माकडांनी किंवा फांदीने फोडलेली कौलं काढून नवीन बसवतात. म्हणून चार-पाच नवी, लालभडक कौलं एकाच जागी जवळजवळ दाखवा. जिथे झाडाची फांदी छपरावर येते तिथेच ती हवीत. कुठे एखादं काचेचं कौल असेल तर त्याला फिकट राखाडी-हिरवा रंग देऊन सगळ्यात शेवटी चकचकीत वॉर्निशचा थेंब टाका. आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्याची वळलेली कौलं, चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवलेले असतात, त्यांच्या खाली गिलाव्याची मळकट पांढरी रेघ द्या. त्या एका रेघेने छप्पर जिवंत होतं.

छपराचा खालचा तिसरा हिस्सा नेहमी जास्त काळा असतो, कारण वरचं सगळं पाणी तिथून वाहतं आणि तो सावकाश वाळतो. कौलांच्या खाचांमधून गडद तैलरंगाचा पातळ हात द्या, आढ्याशी जवळजवळ काहीच नाही आणि वळचणीकडे वाढत जाणारा. सावलीच्या उतारावर खाचांमध्ये शेवाळाचे ठिपके द्या. हिरव्यात थोडा यलो ऑकर मिसळला की तो खरा दिसतो.

लाकूडकाम

रेझिनच्या दारांना लाकडाची रेघ नसते. प्रायमरच्या आधीच बारीक दातांच्या करवतीच्या पात्याने वरून खाली हलके ओरखडे काढून घ्या. रंगाचा उडालेला पोपडा दाखवायचा असेल तर आधी मळकट राखाडी-तपकिरी लाकूड रंगवा, ते वाळल्यावर वर दाराचा रंग कोरड्या ब्रशने ओढा, खालच्या भागात कमी. दाराचा खालचा हातभर भाग पावसाने आणि पायांनी आधी झिजतो. कडीजवळ हात लागून रंग गडद आणि गुळगुळीत होतो, तिथे किंचित सॅटिन वॉर्निश पुरतं. नक्षीच्या पट्टीला भिंतीपेक्षा फिकट रंग द्या, म्हणजे तिची जाळी लांबूनही वाचता येते.

पाऊस कुठून येतो

सगळी इमारत जोडल्यावर, म्हणजे दारं-खिडक्या बसल्यावर, टेबलावर तिची दिशा ठरवा. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. लोणावळा-खंडाळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. त्यामुळे नैर्ऋत्येकडची भिंत सगळ्यात काळी आणि सगळ्यात धुतलेलीही असते. ईशान्येकडच्या भिंतीवर वळचणीखाली धूळ आणि जाळी टिकून राहतात. फलाटाची बाजू ओट्याच्या छपराखाली कोरडी. चारही भिंतींना वेगवेगळं वागवा.

ओघळ असे काढा. जिथून पाणी सुटतं तिथे, म्हणजे खिडकीच्या उंबऱ्याचं टोक, पन्हळीचा जोड, गंजलेला खिळा, तैलरंगाचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका द्या. दहा मिनिटांनी टर्पेंटाइनमध्ये बुडवून पुसलेला सपाट ब्रश ठिपक्यावरून सरळ खाली ओढा. ओघळ वर गडद आणि खाली विरत गेला पाहिजे. शेवाळासाठी काळपट हिरवा, लोखंडासाठी बर्न्ट सिएन्ना, धुरासाठी राखाडी. एका भिंतीवर चार ओघळ पुरे. पाचवा काढावासा वाटला की त्या जागी पाणी यायचं कारण आहे का, ते आधी शोधा.

जोत्यावर पागोळ्यांच्या शिंतोड्यांचा पट्टा येतो. खऱ्या इमारतीत तो गुडघ्याइतका, ४५ सेंटिमीटरपर्यंत चढतो, म्हणजे आपल्याकडे पाचेक मिलिमीटर. ताठ केसांच्या जुन्या टूथब्रशवर पातळ मातकट लाल रंग घेऊन बोटाने केस मागे ओढून शिंपडा. वरचा भाग कागदाने झाका, पण कागद भिंतीपासून थोडा लांब धरा. नाहीतर पट्ट्याला सरळ कड येते. ओल वर चढते तिथे, या पट्ट्याच्या वर, लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारा क्षार, त्याचा पुसट पांढरा डाग द्या. दगडावर नको, दरजांमध्ये. चुनाच आधी सुटतो.

काजळी आणि ब्रेकची धूळ यांच्यासाठी ब्रशपेक्षा भुकटी बरी. सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या ब्लेडने खरवडून काळ्या, तपकिरी, विटकरी आणि मातकट रंगाची पूड करा. सगळ्या इमारतीवर आधी मॅट वॉर्निश द्या, त्याच्या खरबरीत पोतावर पूड धरते. वळचणीखाली काळी, फलाटाच्या कडेला आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यात तांबूस-तपकिरी. मऊ ब्रशने घासा आणि जास्तीची फुंकरीने उडवा. यावर पुन्हा वॉर्निश मारलं तर पूड निम्मी नाहीशी होते. म्हणून मी मारत नाही, फक्त इमारत तळाशी धरून उचलतो. पायऱ्यांच्या मधल्या भागावर पूड पुसून टाका. वर्षानुवर्षं पावलं पडून दगड तिथे फिकट आणि गुळगुळीत झालेला असतो.

दरजेतला पिंपळ

आपल्याकडची जुनी दगडी इमारत पिंपळाच्या रोपाशिवाय पुरी वाटत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी दरजेत पडतं आणि पन्हळीच्या गळक्या जागेखाली रुजतं. सुतारकामाच्या दुकानातला बारीक लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळवा. विजेच्या वायरमधली एक तांब्याची तार तपकिरी रंगवून सेंटिमीटरभर कापा, टोकाला पातळ फेव्हिकॉल लावून भुशात बुडवा आणि तुम्ही आधीच ओघळ काढलेल्या जागेवर, छपरापासून थोडं खाली दरजेत खोचा. एकच रोप. त्याच्या खाली दरज किंचित रुंद आणि जास्त काळी करा.

शेवटी मोबाइलवर फोटो काढा, दिवसाच्या उजेडात आणि माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे फोन टेबलावरच ठेवून. डोळ्यांना न दिसलेले जोड, चकाकणारा गोंद, अर्धवट राहिलेली खिडकीची कड, सगळं फोटोत सापडतं. तेवढं दुरुस्त करा आणि मग इमारत जमिनीत बसवा. जोत्याखाली फट राहिली की इमारत टेबलावर ठेवलेल्या डब्यासारखी दिसते. बारीक चाळलेली लाल माती आणि पातळ फेव्हिकॉल यांचा चिखल जोत्याच्या कडेने भरा, पागोळ्यांच्या ओळीत टूथपिकच्या टोकाने छोटे खळगे पाडा आणि त्यात दोन-तीन ठिकाणी वाळूचे दाणे उघडे ठेवा. पागोळ्या माती वाहून नेतात, खडे मागे राहतात.